४-० ने हरले, कोचला हाकललं आणि पुढच्या १८ दिवसांत चॅम्पियन झाले… २०२४ हे फुटबॉलमधलं कोच लोकांचं वर्ष होतं

तारीख २२ जानेवारी २०२४. ठिकाण आयव्हरी कोस्टमधलं आबिजान शहर.

आफ्रिकेतल्या देशांची सगळ्यात मोठी स्पर्धा, म्हणजे आफ्रिका कप ऑफ नेशन्स, यावेळी आयव्हरी कोस्टमध्ये भरली होती. घरचं मैदान, घरचं पब्लिक. समोर होता इक्वेटोरियल गिनी, आकाराने आणि फुटबॉलच्या इतिहासानेही खूप छोटा देश.

निकाल लागला ०-४. यजमान टीम घरच्या मैदानावर चार गोलने हरली. प्लेअर्स मैदानावर रडत होते, बाहेर पब्लिक भडकलं होतं. ग्रुपमधल्या तीनपैकी दोन मॅच हरल्यामुळे टीम जवळपास बाहेर पडल्यात जमा होती.

दोन दिवसांनी फेडरेशनने फ्रेंच कोच जाँ-लुई गासे यांना घरी पाठवलं. स्पर्धा अजून सुरू होती, तरीही.

आता गंमत बघा. कोच गेला त्याच दिवशी दुसऱ्या एका ग्रुपमध्ये मोरोक्कोने झांबियाला हरवलं आणि त्या निकालामुळे आयव्हरी कोस्ट फक्त तीन पॉइंट्सवर, चांगल्या तिसऱ्या नंबरच्या टीम्सपैकी शेवटची म्हणून पुढच्या फेरीत गेली. म्हणजे टीम स्पर्धेत आहे, पण कोच नाही.

फेडरेशनने फ्रान्सकडे विनंती केली की तुमच्या महिला टीमचे कोच हर्व्हे रेनार्ड आम्हाला थोड्या दिवसांसाठी उसने द्या. फ्रान्सने नकार दिला. मग गासेंचाच असिस्टंट एमर्स फाए याच्या हातात टीम दिली. फाएने त्याच दिवशी चाळिशी पूर्ण केली होती आणि याआधी तो कुठल्याही मोठ्या टीमचा मुख्य कोच नव्हता.

पुढे काय झालं? आधीचा चॅम्पियन सेनेगल पेनल्टीवर हरला. मालीविरुद्ध १० प्लेअर्स घेऊन खेळताना ९० व्या मिनिटाला बरोबरी केली आणि एक्स्ट्रा टाइमच्या शेवटच्या क्षणी मॅच जिंकली. सेमीफायनलला काँगो प्रजासत्ताक लोकशाहीचा नंबर लागला. ११ फेब्रुवारीला फायनलमध्ये नायजेरियाला २-१ ने हरवलं. विजयी गोल मारला सेबास्टियन हॅलरने. हा तोच हॅलर, ज्याला २०२२ मध्ये कॅन्सर असल्याचं कळलं होतं आणि जो त्यातून बरा होऊन मैदानात परत आला होता.

आता ही स्टोरी ऐकली की कुणालाही वाटेल, टीम हरतेय ना, मग बदला कोच. विषय संपला.

पण खरंच विषय संपतो का? २०२४ च्या वर्षात जगभरातल्या टीम्सनी याच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं दिली. कोण चॅम्पियन झालं, कुणाची खुर्ची गेली आणि त्यातून काय कळतं, ते एकेक करून बघू.

आधी थोडं बेसिक समजून घ्या

फुटबॉल रोज बघत नसाल तर नावांचा गोंधळ होतो. तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट म्हणजे लीग. एका देशातले क्लब वर्षभर एकमेकांशी घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर खेळतात. जिंकलं तर तीन पॉइंट्स, बरोबरी झाली तर एक. शेवटी ज्याचे पॉइंट्स जास्त तो चॅम्पियन. इंग्लंडची प्रीमिअर लीग, स्पेनची ला लीगा आणि जर्मनीची बुंडेसलिगा या अशा लीग.

दुसरी गोष्ट म्हणजे क्लबची मोठी स्पर्धा. युरोपातले टॉपचे क्लब चॅम्पियन्स लीगमध्ये भिडतात. त्याच्या खालची पायरी म्हणजे युरोपा लीग.

तिसरी गोष्ट म्हणजे देशांच्या स्पर्धा. युरो, कोपा अमेरिका, आफ्रिका कप, आशियाई कप. २०२४ मध्ये या चारही स्पर्धा एकाच वर्षात झाल्या, वर ऑलिम्पिकही होतं. त्यामुळे वर्ष गच्च भरलेलं होतं.

आता मॅनेजर आणि कोच यात फरक काय? जुन्या इंग्लिश पद्धतीत मॅनेजर म्हणजे घरातला कर्ता माणूस. टीम निवडणं, प्रॅक्टिस घेणं, कोणता प्लेअर विकत घ्यायचा, सगळं तोच बघायचा. हल्ली क्लबमध्ये स्पोर्टिंग डायरेक्टर नावाचा वेगळा माणूस खरेदी-विक्री बघतो आणि हेड कोचने फक्त टीम खेळवायची असते. लिव्हरपूलमध्ये युर्गन क्लॉप मॅनेजर होता, त्याच्या जागी आलेल्या आर्ने स्लॉटच्या पदाचं नाव मात्र हेड कोच ठेवलं गेलं. नाव बदललं म्हणजे अधिकारही बदलले.

मग टीम हरली की पहिला बळी त्याचाच का जातो? कारण साधं आहे. २५ प्लेअर्स एका रात्रीत बदलता येत नाहीत. प्लेअर्सची खरेदी-विक्री वर्षातून दोनच ठरलेल्या काळात होते. मालक स्वतःला काढत नाही. राहिला कोण? कोच.

ज्यांच्या नावावर लोक हसायचे, ते एकही मॅच न हरता चॅम्पियन झाले

जर्मनीत बायर नावाची औषधं बनवणारी मोठी कंपनी आहे. तिच्या कामगारांनी १९०४ साली एक क्लब काढला, बायर लेव्हरकुसेन. क्लब चांगला होता, पण बुंडेसलिगा कधीच जिंकला नव्हता. अगदी जवळ जाऊन हरायची इतकी सवय होती की लोकांनी नाव ठेवलं नेव्हरकुसेन. म्हणजे यांना कधीच जमणार नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये हा क्लब लीगमध्ये खालून दुसरा होता. त्यांनी कोच बदलला आणि झाबी अलोन्सोला आणलं. प्लेअर म्हणून अलोन्सो वर्ल्ड कप जिंकलेला माणूस, पण कोच म्हणून एवढ्या मोठ्या लीगचा अनुभव शून्य.

१४ एप्रिल २०२४ ला लेव्हरकुसेनने वेर्डर ब्रेमेनला ५-० ने हरवलं आणि पाच मॅच बाकी असतानाच लीग खिशात घातली. बायर्न म्युनिकची सलग ११ वर्षांची सत्ता संपली. सीझन संपला तेव्हा हिशोब होता ३४ मॅच, २८ विजय, ६ बरोबरी आणि पराभव शून्य. बुंडेसलिगाच्या इतिहासात असं कुणीच केलं नव्हतं.

सगळ्या स्पर्धा धरून लेव्हरकुसेन सलग ५१ मॅच हरलं नाही. कितीतरी मॅचेसमध्ये शेवटच्या मिनिटाला गोल करून त्यांनी पराभव टाळला.

५२ वी मॅच मात्र नडली. २२ मे ला डब्लिनमध्ये युरोपा लीगची फायनल होती. समोर इटलीची अटलांटा. अडेमोला लुकमनने एकट्याने तीन गोल मारले आणि लेव्हरकुसेन ०-३ ने हरलं. तीन दिवसांनी जर्मन कप जिंकून त्यांनी सीझन संपवला. ५३ मॅचमध्ये एकच पराभव, आणि तो फायनलमध्ये.

पण या फायनलमध्ये समोरच्या बाकावर बसलेल्या माणसाची स्टोरीही तितकीच भारी आहे. जान पिएरो गास्पेरिनी. २०१६ मध्ये तो अटलांटात आला आणि पहिल्या पाच लीग मॅचपैकी चार हरला. दुसरा कुठलाही क्लब असता तर तेव्हाच बॅग भरायला लावली असती. अटलांटाने थांबायचं ठरवलं. आठ वर्षांनी त्याने क्लबला पहिली युरोपियन ट्रॉफी दिली. १९६३ नंतर अटलांटाने जिंकलेली ही पहिलीच मोठी ट्रॉफी होती.

म्हणजे एका टीमने कोच बदलून इतिहास घडवला आणि दुसऱ्या टीमने कोच न बदलून.

इंग्लंडमध्ये एक स्वतःहून गेला, एक टिकला आणि एकाला काढलं

२६ जानेवारीला लिव्हरपूलने एक व्हिडिओ टाकला आणि फॅन्सची झोप उडाली. क्लॉप म्हणाला, माझी एनर्जी संपत चालली आहे, सीझन संपला की मी जातोय. लक्षात घ्या, तेव्हा लिव्हरपूल टेबलवर पहिल्या नंबरवर होतं. त्याला कुणी काढत नव्हतं. जवळपास नऊ वर्षांत चॅम्पियन्स लीग आणि क्लबची ३० वर्षांनंतरची पहिली लीग जिंकून दिलेला माणूस आपण थकलोय हे उघडपणे सांगत होता.

सगळ्यांना वाटलं, आता लिव्हरपूलचं अवघड आहे. क्लॉपच्या जागी फेयेनूर्डचे आर्ने स्लॉट आले. त्यांनी मोठी खरेदी केली नाही, की सगळं मोडून नव्याने मांडलं नाही. आहे तीच टीम थोडी शांत डोक्याने खेळवली. वर्ष संपलं तेव्हा लिव्हरपूल प्रीमिअर लीगमध्ये पहिलं होतं आणि चॅम्पियन्स लीगमध्ये सहापैकी सहा मॅच जिंकलेलं होतं.

दुसरीकडे मँचेस्टर सिटी. मे महिन्यात त्यांनी आर्सेनलला दोन पॉइंट्सनी मागे टाकून सलग चौथ्यांदा लीग जिंकली. इंग्लंडच्या इतिहासात सलग चार वेळा टॉपची लीग कुणीच जिंकली नव्हती. पेप गार्डिओला म्हणजे या काळातला सगळ्यात मोठा कोच, यावर कुणाचं दुमत नव्हतं.

मग सप्टेंबरमध्ये त्यांच्या मिडफिल्डचा कणा असलेला रोद्री गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला. ऑक्टोबरच्या शेवटापासून सिटीची अशी घसरण झाली की १३ मॅचमध्ये फक्त एक विजय. तोच कोच, तेच डावपेच, जवळपास तेच प्लेअर्स. तरीही क्लबने काय केलं? नोव्हेंबरमध्ये, सलग चार पराभव झालेले असताना, पेपचा करार दोन वर्षांनी वाढवला.

आणि मग येतो मँचेस्टर युनायटेड. युनायटेडने मे मध्ये सिटीलाच फायनलमध्ये २-१ ने हरवून एफए कप जिंकला. कोच एरिक टेन हाग यांची नोकरी त्या विजयाने वाचली. जुलैमध्ये करार वाढवून मिळाला. नव्या सीझनची खरेदी त्यांच्या पसंतीने झाली. आणि २८ ऑक्टोबरला त्यांना काढलं. तेव्हा टीम १४ व्या नंबरवर होती.

पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबला सुमारे १.१ कोटी युरो देऊन युनायटेडने रुबेन अमोरिमला आणलं. तो वेगळ्या पद्धतीने, तीन सेंटर बॅक घेऊन खेळवतो. पण टीम तर टेन हाग यांच्या पद्धतीसाठी जमवलेली होती. वर्ष संपलं तेव्हा युनायटेडचा नंबर होता… १४ वा.

कोच बदलला, पैसे गेले, नंबर तोच राहिला.

योगायोग म्हणजे टेन हाग यांना काढलं त्याच रात्री पॅरिसमध्ये बॅलन डी'ओर दिला गेला. जगातल्या सर्वोत्तम प्लेअरचा हा पुरस्कार मिळाला रोद्रीला, तोही कुबड्या घेऊन स्टेजवर आला होता. आपल्या व्हिनिसियसला पुरस्कार मिळणार नाही हे कळल्यावर रिअल माद्रिदचं कुणीच कार्यक्रमाला गेलं नाही. सोशल मीडियावर त्यावरून किती राडा झाला, ते आठवत असेलच.

रिअलचे म्हातारबुवा आणि बार्सिलोनाचं जा-नको-जा

१ जूनला लंडनच्या वेम्ब्लीवर चॅम्पियन्स लीगची फायनल झाली. बोरुसिया डॉर्टमुंडने पहिल्या हाफमध्ये चान्सवर चान्स तयार केले, पण गोल झाला नाही. आणि रिअलसमोर चान्स सोडला की काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे. ७४ व्या मिनिटाला कार्वाहाल, ८३ व्या मिनिटाला व्हिनिसियस. २-०. रिअलची ही १५ वी चॅम्पियन्स लीग.

कोच कार्लो अँसेलोटीची कोच म्हणून ही पाचवी. या माणसाला याच रिअलने २०१५ मध्ये काढलं होतं, तेही आदल्या वर्षी चॅम्पियन्स लीग जिंकून दिल्यावर. २०२१ मध्ये परत बोलावलं. त्यानंतर दोन चॅम्पियन्स लीग आणि दोन ला लीगा आल्या.

बार्सिलोनात मात्र वेगळंच चाललं होतं. २७ जानेवारीला घरच्या मैदानावर ३-५ ने हरल्यावर कोच झावीने सांगितलं, जूनमध्ये मी जातो. एप्रिलमध्ये क्लबने समजूत काढली, तो म्हणाला राहतो. मे मध्ये त्याने क्लबच्या पैशांच्या तंगीबद्दल जाहीर बोलून दाखवलं, अध्यक्ष नाराज झाले आणि २४ मे ला त्याला काढलं. चार महिन्यांत जातो, राहतो आणि निघ, असे तिन्ही अंक झाले.

त्याच्या जागी आलेल्या हान्सी फ्लिकने ऑक्टोबरमध्ये रिअलला त्यांच्याच घरात ४-० ने हरवलं. टीम बहुतेक तीच होती, झावीनेच संधी दिलेल्या पोरांची. लामिन यमाल हा त्यातलाच एक.

बायर्न म्युनिकची गंमत तर सांगायलाच हवी. २०१२ नंतर पहिल्यांदाच सीझन ट्रॉफीशिवाय गेला. थॉमस टुखेल गेले. पहिल्या पसंतीचे बरेच जण नाही म्हणाले. अलोन्सो तर लेव्हरकुसेन सोडायलाच तयार नव्हता. शेवटी बायर्नने कोम्पनीला घेतलं, ज्याची बर्नली टीम त्याच महिन्यात प्रीमिअर लीगमधून खालच्या लीगमध्ये गेली होती. लोक हसले. वर्ष संपलं तेव्हा बायर्न पुन्हा लीगमध्ये पहिल्या नंबरवर होतं.

एकाच रात्री दोन फायनल, झोप कुणालाच नाही

१४ जुलैची रात्र आपल्याकडच्या फॅन्सना चांगली आठवत असेल. रात्री साडेबाराला बर्लिनमध्ये युरोची फायनल, पहाटे साडेपाचला मायामीत कोपा अमेरिकाची फायनल आणि वर सोमवारचं ऑफिस.

युरोमध्ये स्पेनने इंग्लंडला २-१ ने हरवलं. निको विल्यम्सचा गोल, मग कोल पामरची बरोबरी आणि ८६ व्या मिनिटाला ओयार्झाबालचा घाव. सातच्या सात मॅच जिंकून स्पेनने चौथ्यांदा युरो जिंकला, तोही रेकॉर्ड. यमालने फायनलच्या आदल्या दिवशी १७ वा वाढदिवस साजरा केला. सेमीफायनलला फ्रान्सविरुद्ध त्याने मारलेला गोल युरोमधल्या सगळ्यात लहान वयाच्या प्लेअरचा ठरला.

स्पेनचे कोच लुईस दे ला फुएन्ते. कुठल्याही मोठ्या क्लबचं नाव त्यांच्या खात्यावर नव्हतं. वर्षानुवर्षं स्पेनच्या १९ आणि २१ वर्षांखालच्या टीम सांभाळल्या आणि तिथूनच प्रमोशन झालं. २०२३ मध्ये स्कॉटलंडकडून हरल्यावर त्यांना काढा म्हणून ओरड झाली होती. पण रोद्री, ओयार्झाबाल, मेरिनो ही पोरं त्यांनी लहानपणापासून खेळवलेली होती.

इंग्लंडचे गॅरेथ साउथगेट सलग दुसऱ्यांदा युरोची फायनल हरले आणि दोन दिवसांत राजीनामा दिला. त्यांच्या जागी इंग्लंडने ऑक्टोबरमध्ये जर्मन टुखेलची घोषणा केली. ज्या देशाशी फुटबॉलमधलं जुनं वैर, तिथलाच माणूस आणला. यावर इंग्लंडच्या पेपरांनी बराच धुरळा उडवला.

तिकडे मायामीत तिकीट नसलेले लोक गेटमधून आत घुसले, गोंधळ झाला आणि साडेपाचची मॅच सुरू व्हायला सात वाजत आले. मेस्सी दुखापतीने बाहेर आला आणि बाकावर बसून लहान पोरासारखा रडला. एक्स्ट्रा टाइममध्ये ११२ व्या मिनिटाला लाउतारो मार्टिनेझने गोल केला आणि अर्जेंटिनाने कोलंबियाला १-० ने हरवून १६ वी कोपा जिंकली. २०२१ ची कोपा, २०२२ चा वर्ल्ड कप आणि ही कोपा. तिन्हींचा कोच एकच, लिओनेल स्कालोनी. २०१८ मध्ये तो फक्त तात्पुरता म्हणून आला होता.

आणि महिला फुटबॉल विसरून चालणार नाही. एमा हेज यांनी चेल्सीला सलग पाचवी लीग जिंकून दिली, लगेच अमेरिकेच्या टीमचा ताबा घेतला आणि अडीच महिन्यांच्या आत पॅरिस ऑलिम्पिकचं गोल्ड मिळवलं. फायनलला ब्राझीलवर १-० ने मात केली.

आता आपल्या घरचं बोलू

जगाचं झालं. आपलं काय?

जानेवारीत कतारमध्ये आशियाई कप झाला. भारत तीन मॅच खेळला. ऑस्ट्रेलिया ०-२, उझबेकिस्तान ०-३, सीरिया ०-१. तीन पराभव आणि एकही गोल नाही. ट्रॉफी यजमान कतारने घेतली. फायनलला अक्रम अफिफने तीन पेनल्टीवर तीन गोल मारून जॉर्डनला हरवलं.

मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानने आपल्याला २-१ ने हरवलं. ६ जूनला कोलकात्यात सुनील छेत्रीने १५१ मॅच आणि ९४ गोलनंतर देशाच्या टीमचा निरोप घेतला. कुवेतविरुद्धची ती मॅच जिंकायला हवी होती, ०-० झाली.

११ जूनला दोहामध्ये कतारविरुद्ध मुंबई सिटीकडून खेळणाऱ्या छांगतेने गोल केला आणि आशा वाढल्या. मग ७३ व्या मिनिटाला बॉल सरळसरळ लाइनच्या बाहेर गेला, आपले प्लेअर्स थांबले, कतारच्या प्लेअरने तो आत ओढला आणि गोल झाला. रेफ्रीने गोल दिला, व्हिडिओ रेफ्री त्या मॅचला नव्हताच. भारत २-१ ने हरला आणि वर्ल्ड कप पात्रतेच्या तिसऱ्या फेरीचा रस्ता बंद झाला.

सहा दिवसांनी कोच इगोर स्टिमाच यांना काढलं. त्यांचा करार २०२६ पर्यंतचा होता, त्यामुळे भरपाईवरून वाद पेटला आणि शेवटी फेडरेशनला पैसे मोजावे लागले.

नवे कोच म्हणून आले मानोलो मार्केझ. आणि ते त्याच वेळी एफसी गोवाचेही कोच होते! म्हणजे देशाची टीम आणि क्लबची टीम, दोन्ही एकाच माणसाकडे. फुटबॉलमध्ये असं फार क्वचित होतं. नोव्हेंबरमध्ये मलेशियाशी १-१ बरोबरी झाली आणि वर्ष संपलं. ११ मॅच, विजय शून्य. वर्ष सुरू झालं तेव्हा जागतिक क्रमवारीत आपण १०२ वे होतो, संपलं तेव्हा सव्वाशेच्याही खाली.

कोच बदलूनही विजय आला नाही, कारण दुखणं कोचच्या खुर्चीत नव्हतं. छेत्रीनंतर गोल मारणार कोण, हा प्रश्न दहा वर्षांपासून समोर होता. आपल्या लीगमधले क्लब स्ट्रायकरच्या जागी बहुतेक वेळा परदेशी प्लेअर खेळवतात. मग देशी स्ट्रायकरला मॅचमध्ये शिकायला मिळणार कधी?

क्लबच्या पातळीवर मात्र आपल्याकडे या वर्षात मस्त फुटबॉल झालं. २४ एप्रिलला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर सेमीफायनलच्या पहिल्या मॅचमध्ये एफसी गोवा ९० व्या मिनिटापर्यंत मुंबई सिटीविरुद्ध २-० ने पुढे होतं. त्यानंतरच्या काही मिनिटांत मुंबईने तीन गोल मारले. ३-२! आणि ४ मे ला कोलकात्यात मोहन बागानला त्यांच्याच पब्लिकसमोर ३-१ ने हरवून मुंबईने आयएसएल कप उचलला.

मुंबईनेही सीझनच्या मधेच कोच बदलला होता, पण काढून टाकून नाही. त्यांचे कोच डेस बकिंगहॅम यांना त्यांच्या गावच्या क्लबने, ऑक्सफर्ड युनायटेडने, नोव्हेंबर २०२३ मध्ये बोलावलं. जागी पेट्र क्रात्की आले. मुंबई सिटी आणि मँचेस्टर सिटी तेव्हा एकाच ग्रुपच्या मालकीचे होते. क्रात्की त्याच ग्रुपच्या ऑस्ट्रेलियातल्या क्लबमधून आले होते. खेळायची पद्धत तीच राहिली, त्यामुळे गाडी रुळावरून उतरली नाही.

आणि बकिंगहॅम? त्यांनी मे २०२४ मध्ये ऑक्सफर्डला वेम्ब्लीवर जिंकून २५ वर्षांनी इंग्लंडच्या दुसऱ्या लीगमध्ये नेलं. शहराचा हिरो झाले. डिसेंबरमध्ये काही मॅच हरले आणि त्यांना काढून टाकलं.

मग कोच बदलावा की नाही?

वर्षभराची बेरीज केली तर एक गोष्ट दिसते. टीमला साजेसा माणूस आणला आणि जुनी घडी मोडली नाही, तिथे बदल चालला. स्लॉट, फ्लिक, क्रात्की, लेव्हरकुसेनमधला अलोन्सो. टीम एका पद्धतीची आणि कोच दुसऱ्या पद्धतीचा, तिथे पैसे गेले आणि नंबर तिथेच राहिला.

दुसरी एक गोष्ट आपण विसरतो. कोचला काढतात ते टीम सगळ्यात वाईट खेळत असते तेव्हा. त्यातला काही भाग नशिबाचा असतो, बॉल पोस्टला लागतो, महत्त्वाचा प्लेअर जखमी असतो. असे दिवस कायम राहत नाहीत. त्यामुळे कोच बदलल्यावर निकाल सुधारले की श्रेय नव्या माणसाला मिळतं, पण जुनाच राहिला असता तरी काही प्रमाणात ते सुधारलेच असते. आयव्हरी कोस्टलाही फाए मिळाला हे खरं, पण आधी मोरोक्कोने झांबियाला हरवलं नसतं तर फाएला एकही मॅच मिळाली नसती.

याच वर्षाच्या सुरुवातीला, दोन दिवसांच्या अंतराने, ब्राझीलचे मारिओ झगालो आणि जर्मनीचे फ्रान्झ बेकेनबाउअर गेले. प्लेअर म्हणून आणि कोच म्हणूनही वर्ल्ड कप जिंकलेली माणसं जगात तीनच, त्यातले हे दोघं. आता उरले फक्त फ्रान्सचे दिदिए देशाँ. देशाँ २०१२ मध्ये फ्रान्सच्या टीमचे कोच झाले. मधल्या काळात त्यांनी २०१६ च्या युरोची फायनल घरच्या मैदानावर हरली होती. फ्रान्सने त्यांना ठेवलं आणि दोन वर्षांनी ते वर्ल्ड कप घेऊन आले.

तुम्हाला काय वाटतं? मानोलो मार्केझना तुम्ही किती वेळ दिला असता?